गाठीच्या शेजारची धमनी

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन पडद्यावर उघडला की पाहणाऱ्याची नजर आधी गाठीकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. गाठ केवढी आहे, स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे की शेपटीकडे, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिने विळखा घातला आहे का, यकृतात तिचे ठिपके उमटले आहेत का, या प्रश्नांच्या उत्तरांवर शस्त्रक्रिया होणार की नाही हे ठरते. निदान होते त्या वेळी शंभरातले साधारण पंधरा ते वीस रुग्णच शस्त्रक्रियेच्या आवाक्यात असतात, त्यामुळे घरच्या माणसांचाही पहिला प्रश्न एकच असतो, की गाठ काढता येईल ना? क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून गोव्यात मी बरीच वर्षे असे स्कॅन वाचत आले आहे. आज लिहायचे आहे ते त्याच चित्रात, गाठीच्या थोडे वर, महाधमनीतून निघणाऱ्या एका आखूड धमनीविषयी. तिचे तोंड अरुंद झालेले असेल आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी कोणाच्या ध्यानात आले नसेल, तर गाठ उत्तम रीतीने निघूनही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

महाधमनी पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. छाती आणि पोट यांना वेगळे करणाऱ्या मध्यपटलाच्या मागून ती पोटात येते न येते तोच तिच्या पुढच्या बाजूने जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांबीचा एक जाड फाटा निघतो. ही सीलियाक धमनी होय. तिच्या तीन शाखांपैकी एक जठराकडे, दुसरी प्लीहेकडे आणि तिसरी यकृताकडे जाते. तिच्याखाली एक-दोन सेंटीमीटरवर दुसरी मोठी धमनी निघते, सुपीरियर मेसेंटेरिक, जी जवळजवळ सगळ्या लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाला रक्त पुरवते. या दोन धमन्यांच्या दरम्यान स्वादुपिंडाचे डोके असते आणि त्याला कवेत घेऊन ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, वळसा घालतो. यकृताच्या धमनीची गॅस्ट्रोड्युओडेनल नावाची शाखा वरून खाली येते, मेसेंटेरिक धमनीच्या बारीक शाखा खालून वर चढतात, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याच्या पुढून व मागून त्या एकमेकींना मिळून कमानी तयार करतात. निरोगी माणसात या कमानी डोक्याला आणि ड्युओडेनमला रक्त देतात, त्याहून मोठी जबाबदारी त्यांच्यावर नसते.

सीलियाक धमनीचे तोंड वर्षानुवर्षे हळूहळू आवळत गेले की चित्र बदलते. यकृत, जठर आणि प्लीहा यांना वरून पुरेसे रक्त मिळेनासे होते आणि खालच्या मेसेंटेरिक धमनीचे रक्त त्या कमानींतून वर चढू लागते. गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीत प्रवाह उलटा होतो. कमानी रुंदावतात, नागमोडी होतात, आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याभोवती एरवी ज्या केसासारख्या दिसाव्यात त्या रक्तवाहिन्या ठसठशीत दिसू लागतात. रुग्णाला यातले काही जाणवत नाही. यकृताच्या तपासण्या ठीक येतात, जेवण पचते, आणि माणूस सत्तरीपर्यंत या आडवाटेच्या रक्तावर सुखाने जगतो. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हाची पणजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही तजवीज समजावून सांगावी लागत नाही. बेती आणि पणजी यांच्यामध्ये फेरीबोटींनी माणसे, दूध, भाजी, वर्तमानपत्रे सारे काही ओढले आणि शहर चालू राहिले. त्या दिवसांत कोणी नवख्या अधिकाऱ्याने पूल शाबूत आहे असे समजून फेरीबोटी बंद केल्या असत्या, तर पणजीचे जे झाले असते तेच या रुग्णाच्या यकृताचे शस्त्रक्रियेच्या टेबलावर होऊ शकते.

कारण ही आडवाट तोडणे हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात. जर्मन शल्यचिकित्सक वाल्थर काउश यांनी १९०९ साली बर्लिनमध्ये तशा प्रकारची शस्त्रक्रिया केली होती, आणि न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केल्यावर तिला त्यांचे नाव मिळाले. स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधीकधी जठराचा शेवटचा भाग एकत्र काढला जातो, आणि मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर या तिघांना आतड्याशी नव्याने जोडावे लागते. गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी डोक्याला चिकटूनच जात असल्यामुळे ती बांधून तोडल्याशिवाय डोके सुटे होत नाही, आणि डोक्याबरोबर कमानीही निघून जातात. ज्याच्या सीलियाक धमनीचे तोंड मोकळे आहे त्याचे या तोडण्याने काही बिघडत नाही. ज्याचे तोंड आवळलेले आहे त्याच्या पोटाच्या वरच्या भागाचे धमनीचे रक्त मात्र त्या एका टाक्याबरोबर थांबू शकते किंवा अगदी क्षीण होऊ शकते.

पुढे काय होते ते अवयवागणिक वेगळे असते, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीकडे लोक नशिबाचा खेळ म्हणून पाहतात, तर तिच्यामागे बहुधा रक्तपुरवठ्याचा साधा हिशेब असतो. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले धमनीतून, म्हणून धमनी क्षीण झाली तरी बहुतेक वेळा संपूर्ण यकृत मरत नाही. पित्तनलिकांना मात्र ती सवलत नाही. त्यांचे पोषण जवळजवळ सर्वस्वी धमनीच्या रक्तावर होते, आणि शल्यचिकित्सकाने नुकताच जो जोड शिवलेला असतो तो याच नलिकेचा असतो. रक्ताअभावी तिची कड काळवंडली तर टाके कितीही नीट घातलेले असोत, ते धरत नाहीत आणि पित्त गळू लागते. यकृतात रक्त न पोचलेल्या जागी पू साठून गळू होऊ शकते. जठराचा आणि प्लीहेचा पुरवठाही कमी पडतो.

आणि मग उरलेले स्वादुपिंड. ते जिथे कापले जाते ती मान मुळातच दोन पुरवठ्यांच्या सीमेवर असते, म्हणजे डोक्याकडून येणाऱ्या आणि प्लीहेच्या धमनीकडून येणाऱ्या रक्ताच्या मधोमध. डोक्याकडचा पुरवठा शस्त्रक्रियेत जातोच. प्लीहेची धमनी सीलियाकचीच शाखा असल्यामुळे मूळ आवळलेले असेल तर दुसरा पुरवठाही लंगडा होतो. काही शल्यचिकित्सक स्वादुपिंडाच्या कापलेल्या कडेतून ताजे रक्त उसळते का ते पाहून, गरज पडल्यास आणखी थोडा भाग कापून मगच जोड करतात, ते यासाठीच.

स्वादुपिंडाचा जोड गळणे म्हणजे काय हे ज्याने रुग्णालयात पाहिले आहे तो ते विसरत नाही. स्वादुपिंडाचा रस दिवसाला लिटर-दीड लिटर होतो आणि त्याचे काम अन्नातली प्रथिने व चरबी विरघळवणे हे आहे. तो आतड्यात पडला तर पचन होते, पोटाच्या पोकळीत पडला तर तो आपल्याच ऊतींना पचवायला लागतो. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या, म्हणजे निचऱ्याच्या नळीच्या, पाण्यातले अमायलेज हे स्वादुपिंडाच्या रसातले विकर तपासतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आले तर गळती आहे असे मानले जाते. २००५ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ही व्याख्या ठरवली, आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा करताना असे स्पष्ट केले की नुसता आकडा वाढला आणि रुग्णाला त्रास नसेल तर तो खरा फिस्टुला, म्हणजे उपचार लागणारी गळती, धरू नये. ज्यांना उपचार लांबवावे लागतात, नवीन नळी घालावी लागते, रक्तस्राव होतो किंवा पुन्हा पोट उघडावे लागते, त्यांची गणना खऱ्या फिस्टुलात होते. अनुभवी केंद्रांतही शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांना हे भोगावे लागते.

यातली सर्वांत भीषण गोष्ट म्हणजे उशिराचा रक्तस्राव. गळलेल्या रसाने गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचा बांधलेला बुडखा पोखरला की तिथे फुगा येतो आणि तो फुटतो. फुटण्याच्या काही तास किंवा काही दिवस आधी ड्रेनमधून थोडेसे लाल रक्त येऊन थांबते. ते थोडे आहे आणि थांबले आहे म्हणून कोणी स्वस्थ बसू नये, कारण तीच सूचना असते आणि त्याच वेळी अँजिओग्राफी करून तो फुगा बंद करण्याची संधी असते. इथेही अरुंद सीलियाकचा प्रश्न आडवा येतो. यकृताची धमनी आधीच क्षीण असेल आणि रक्त थांबवण्यासाठी तीच बंद करावी लागली, तर यकृताला धमनीचे रक्त मिळायला वाटच उरत नाही. शक्य असेल तिथे आवरण असलेला स्टेंट घालून धमनी चालू ठेवतात, परंतु अरुंद तोंडातून तिथवर पोचणेच कठीण होऊन बसते.

म्हापशाच्या बाजारात दुकान असलेल्या एका गृहस्थांचे स्कॅन माझ्याकडे शस्त्रक्रियेनंतर आले. शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली होती आणि ते ताप व पोटदुखी घेऊन गावी परतले होते. मधुमेह जुना, विडीची सवय त्याहून जुनी. महाधमनीच्या भिंतीत चुन्याचे थर होते, सीलियाक धमनीच्या तोंडाशी तसाच एक थर होता, आणि यकृताच्या कडेला पाचरीच्या आकाराचे काळे भाग दिसत होते जिथे रक्त पोचलेच नव्हते. पित्ताचा जोड गळत होता. त्यांची पत्नी मला विचारत होती की गाठ तर पूर्ण निघाली असे सांगितले होते, मग हे कुठून आले? गाठ पूर्ण निघाली होती हे खरेच होते. त्यांना पुन्हा दाखल केले, नळ्या घातल्या, प्रतिजैविके दिली, आणि काही आठवड्यांनी ते गेले. शस्त्रक्रियेच्या आधीची सीडी त्यांनी जपून ठेवली होती. मी ती पाहिली. त्या अरुंद तोंडाचा उल्लेख सोबतच्या रिपोर्टात नव्हता.

हे अरुंद होणे दोन प्रकारचे असते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे त्यांतला फरक सांगणे हे स्कॅन वाचणाऱ्याचे काम आहे. पहिला प्रकार सर्वांना परिचित आहे, तो म्हणजे धमनीकाठिण्य. हृदयाच्या धमन्यांत जी चरबी आणि चुना साठतो तोच महाधमनीच्या भिंतीतून सीलियाकच्या अगदी उगमाशी पसरतो. दुसऱ्या प्रकारात धमनी आतून निरोगी असते. मध्यपटलाचे दोन स्नायू महाधमनीच्या पुढे एका तंतुमय पट्ट्याने जोडलेले असतात, त्याला मेडियन आर्क्युएट लिगामेंट म्हणतात. काही माणसांत हा पट्टा थोडा खाली असतो किंवा धमनी थोडी वरून निघते, आणि पट्टा धमनीला वरून दाबतो. बाजूने पाहिलेल्या चित्रात अशी धमनी उगमापासून किंचित पुढे आकड्यासारखी, म्हणजे हुकासारखी, वाकलेली दिसते. श्वास सोडला की दाब वाढतो आणि घेतला की कमी होतो. हे काही नवे ज्ञान नव्हे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, जिचा वारसा आज बांबोळीच्या गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे, आहे, तेव्हाच्या विद्यार्थ्यांनाही या धमन्यांच्या शाखा पाठ कराव्या लागत असतील. हा पट्टा धमनीवर येऊ शकतो हे १९१७ मध्ये नोंदले गेले. आज आपल्याकडे जास्तीचे एवढेच आहे की पोट न उघडता, मिलिमीटरभर जाडीच्या कापांत, हे सारे आधीच दिसते.

पट्टा दाबत असेल तर शल्यचिकित्सक त्याच शस्त्रक्रियेत तो कापून धमनी मोकळी करू शकतो. तिथे स्टेंट घालून भागत नाही, कारण बाहेरचा दाब तसाच राहतो आणि स्टेंट चेपला जाऊ शकतो. चुन्याने तोंड अरुंद झाले असेल तर पट्टा कापून उपयोग नाही. तिथे शस्त्रक्रियेपूर्वी स्टेंट घालणे किंवा प्रसंगी बायपास करणे हे पर्याय असतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात, तर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तीच औषधे अडचणीची ठरतात, आणि गाठ तर थांबायला तयार नसते. या ओढाताणीत निर्णय घेणे किती अवघड असते हे मी शल्यचिकित्सकांच्या चर्चांत ऐकले आहे. तो निर्णय शांतपणे, शस्त्रक्रियेच्या आधी, सर्वांनी एकत्र बसून घेता यावा यासाठीच रिपोर्टातल्या त्या एका वाक्याची गरज असते.

फोंडा महालातल्या एका गावचे निवृत्त मराठी शिक्षक माझ्याकडे आले ते चवथीच्या थोडे आधी. डोळे पिवळे झाले होते. कामीण, म्हणजे साधी कावीळ, झाली असे समजून घरच्यांनी प्रथम गावठी औषध दिले होते, आणि वेदना नसल्यामुळे कोणी घाबरले नव्हते. लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज आणि उतरत चाललेले वजन, ही चिन्हे एकत्र आली आणि पोट दुखत नसले तर कावीळ साधी नाही असे समजून लगेच सोनोग्राफी करून घ्यावी, हे मला या निमित्ताने आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्याकडे कावीळ म्हटली की पथ्य आणि पाला यांवर कित्येक आठवडे जातात. गुरुजींच्या स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ होती, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटी होती, म्हणजे काढण्याजोगी. त्याच स्कॅनमध्ये सीलियाक धमनीचा तो आकडा होता, आणि गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी नेहमीपेक्षा ठळक होती. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि खाली स्वतंत्र ओळीत लिहिले की शस्त्रक्रियेपूर्वी याचा विचार व्हावा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रिपोर्ट हातात घेऊन आला. पणजीत सरकारी कचेरीत काम करणारा, नीट वाचून प्रश्न काढून आणलेला. "डॉक्टर, हृदयातले ब्लॉकेज ऐकले होते. पोटातही ब्लॉकेज असते? आणि इतकी वर्षे असूनही बाबांना काहीच कसे जाणवले नाही?" मी कागदावर दोन धमन्या आणि मधल्या कमानी काढून दाखवल्या. कोणते रक्त कुठून कुठे जाते आहे, कोणती वाट शस्त्रक्रियेत जाणार आहे आणि कोणती मोकळी करता येईल, हे त्याला लगेच समजले. गुरुजी शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "तो पट्टा कापला तर पुढे जेवताखाताना काही बाधा नाही ना?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी मुलाला सांगितले, "हा कागद घडी घालून फाइलीत ठेव, तिथल्या डॉक्टरांना दाखव."

शस्त्रक्रिया मुंबईत झाली. गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी तोडण्यापूर्वी शल्यचिकित्सक ती चिमट्याने तात्पुरती बंद करतात आणि यकृताच्या धमनीची नाडी बोटांनी चाचपतात किंवा डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने, पाहतात. नाडी टिकली तर तोडायला हरकत नाही. गुरुजींच्या बाबतीत चिमटा लावताच नाडी मंदावली. पट्टा कापून सीलियाक मोकळी केली, पुन्हा चिमटा लावला, आणि नाडी भरून आली. त्यानंतरच धमनी तोडण्यात आली. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सोपे नव्हते. जठर बराच काळ रिकामे होईना, म्हणून नाकातली नळी ठेवावी लागली. ड्रेनमधले अमायलेज वाढले होते, पण ताप नव्हता, संसर्ग नव्हता, आणि ते आपोआप उतरले. घरी आल्यावर प्रथम पेज, मग मऊ भात, असे करत त्यांचे खाणे सुरू झाले आणि केमोथेरपी ठरलेल्या वेळी सुरू होऊ शकली. हा शेवटचा मुद्दा बाहेरून किरकोळ वाटतो, पण या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीने आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले आहे, आणि मोठी गुंतागुंत झाली की ती केमोथेरपी लांबते किंवा देताच येत नाही.

एका रुग्णाची हकिगत म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणून आहे. अरुंद धमन्या आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत यांचा संबंध तपासणारे बहुतेक अभ्यास एकेका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. किंचित अरुंद सीलियाक असलेले पुष्कळ रुग्ण काहीही न करता व्यवस्थित बरे होतात, आणि धोका मुख्यतः घट्ट आवळलेल्या धमनीत असतो. शिवाय गळतीची इतर कारणे जास्त बलवान आहेत, म्हणजे स्वादुपिंड मऊ असणे, त्याची नळी तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असणे आणि शस्त्रक्रियेत खूप रक्त जाणे. कर्करोगामुळे स्वादुपिंड घट्ट झाले असेल तर टाके उलट चांगले धरतात. महाधमनीतल्या चुन्याचे तर असे आहे की तो स्वतः कारण आहे की रुग्णाचे वय, मधुमेह आणि तंबाखू यांची केवळ खूण आहे, हे वेगळे काढणे कठीण जाते. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत असा चुना आणि जोड गळणे यांचा संबंध अभ्यासांत दिसून आलेला आहे, म्हणून स्वादुपिंडाच्या बाबतीतही तो गांभीर्याने घ्यावा असे माझे मत आहे. तंबाखूचा धूर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचेही कारण आहे आणि धमन्या अरुंद होण्याचेही, त्यामुळे एकाच माणसात गाठ आणि आवळलेली धमनी भेटणे हा योगायोग नसतो. गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांना बंदी घालणारा कायदा १९९७ मध्येच केला. ज्यांच्या धमन्यांत मी आज चुना पाहते त्यांची सवय त्याच्याही आधीची आहे.

गोव्यातल्या रुग्णाचा प्रवास बहुधा दोन-तीन ठिकाणी वाटलेला असतो. सोनोग्राफी तालुक्याच्या गावी, स्कॅन पणजी, मडगाव किंवा बांबोळीत, आणि शस्त्रक्रिया कधी इथे तर कधी मुंबईला. या शस्त्रक्रियेला अनुभवी केंद्र निवडावे हे बरोबरच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, ही शस्त्रक्रिया क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते आणि ती सर्वांत जास्त करणाऱ्या रुग्णालयांत चार टक्क्यांच्या आत. परंतु वाटलेल्या प्रवासात माहिती गळते. पुढच्या डॉक्टरांकडे छापील फिल्मवर निवडक चित्रे आणि दोन पानी रिपोर्ट पोचतो, मूळ बारीक कापांची सीडी घरी कपाटात राहते. बाजूने पाहायचे चित्र त्या बारीक कापांतूनच तयार करता येते, आणि अरुंद सीलियाक बाजूच्या चित्रातच नीट दिसते. समोरून किंवा आडव्या कापांत ती सहज निसटते. म्हणून घरच्यांनी सीडी मागून घ्यावी, बरोबर न्यावी, आणि शल्यचिकित्सकांना न संकोचता विचारावे की गाठीव्यतिरिक्त सीलियाक आणि मेसेंटेरिक धमन्या मोकळ्या आहेत का, आणि नसतील तर काय योजले आहे. चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही असा माझा अनुभव आहे. मेसेंटेरिकचे नाव मी मुद्दाम घेते, कारण क्वचित ती अरुंद असते आणि आतड्याचे रक्त वरून खाली त्याच कमानींतून येत असते. अशा वेळी कमानी तोडल्या तर आतडेच धोक्यात येते, आणि ते संकट यकृताच्या संकटाहून मोठे असते.

अमेरिकेतल्या दोन संघटनांनी २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या सीटी रिपोर्टचा एक सर्वमान्य नमुना तयार केला, ज्यात गाठीचा प्रत्येक मोठ्या धमनीशी असलेला संबंध आणि धमन्यांचे जन्मजात वेगळेपण यांना जागा दिलेली आहे. उदाहरणार्थ, यकृताची उजवी धमनी काही माणसांत सीलियाकऐवजी मेसेंटेरिकमधून निघून स्वादुपिंडाच्या मागून जाते, आणि हे माहीत नसेल तर ती कापली जाऊ शकते. आम्ही आमच्या केंद्रात त्या नमुन्याला आणखी काही ओळी जोडल्या आहेत. सीलियाकचा उगम मोकळा आहे की अरुंद, अरुंद असल्यास पट्ट्यामुळे की चुन्यामुळे, मेसेंटेरिकचा उगम कसा आहे, गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी आणि कमानी रुंदावलेल्या आहेत का, महाधमनीत चुना किती आहे. गाठ काढण्याजोगी नसली तरी आम्ही या ओळी भरतो, कारण आज शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर असलेल्या काही रुग्णांची गाठ केमोथेरपीनंतर काढण्याजोगी होते, आणि तेव्हा हे पहिले स्कॅन आणि त्यांचे रिपोर्ट पुन्हा उघडले जातात.